निकेलला चिंच लावू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधी घरातल्या वस्तू कशा सांभाळाव्यात यावर अर्धं पान होतं. गाद्या, छत्र्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं पटलं. पण ‘धातूच्या चकाकणाऱ्या सर्व वस्तू चिंच-मिठाने नाहीतर पितळेच्या पॉलिशने घासून वरून खोबरेलाचा हात फिरवावा’ हे वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. घंगाळाला, समईला हा सल्ला सोळा आणे. निकेलचा मुलामा असलेल्या वस्तूची मात्र त्याने वाट लागते. मी स्वतः एक वस्तू अशी बिघडवून बसले आहे, म्हणून लिहिते आहे.

ती वस्तू म्हणजे माझ्या वडिलांचं रिव्हॉल्वर.

दचकू नका. परवाना आहे, नूतनीकरण वेळच्या वेळी होतं आणि काडतुसांचा हिशेब वहीत आहे. अण्णा देवगडचे आंबा बागायतदार. हंगाम संपला की मुंबईला जाऊन दलालाकडून रोकड घ्यायची आणि बोटीने विजयदुर्गला उतरायचं, असा तो काळ. त्यांनी १९६४ साली मुंबईतल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडून हे सहाबारी घेतलं, तेही वापरलेलं. स्मिथ अँड वेसनचं, .३२ लाँग काडतुसाचं, नळी चार इंचांची. आणि सगळं पांढरं. क्रोमसारखं निळसर पांढरं नाही. निकेलच्या पांढऱ्यात किंचित पिवळी झाक असते, सायीसारखी. एकदा डोळ्यांत बसली की माणूस दोहोंत गफलत करत नाही. त्याचा बार मी जन्मात एकदाच ऐकला आहे, लहानपणी, आणि त्याने फक्त माडावरचे कावळे उडाले.

अण्णा गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर ते विक्रेत्याच्या तिजोरीत ठेव म्हणून होतं. घरी आलं आणि पहिलीच खंडेनवमी आली. अण्णा पाटावर कोयता, कुऱ्हाड, कलमाच्या कात्र्या आणि मधोमध रिव्हॉल्वर मांडायचे. मीही मांडायचं ठरवलं. काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे पाहून घेतलं, काडतुसं कपाटात कुलपाआड होती. मागच्या पडवीत समया घासायला बसले होते, त्याच चिंचेच्या गोळ्याने, मिठाने आणि सोडणाच्या काथ्याने तेही घासून काढलं. लख्ख निघालं. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल, पळीभर पाणी. दसऱ्याचा दिवसही पाटावरच गेला. तिसऱ्या दिवशी उचललं, पदराने पुसलं आणि अण्णांच्या चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात ठेवून दिलं.

दिवाळीत कव्हर उघडलं तर नळीच्या उजव्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके. एका रांगेत, सारख्या अंतरावर, मशीनवर टाके घालावेत तसे. बघते तो कव्हराची शिवण नेमकी तिथेच येत होती. चामडं ओलावा धरून ठेवतं, शिवाय कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात असतात. घासलेली चिंच आणि मीठ बारीक छिद्रांतून गेलेलं होतंच. मी वेड्यासारखे ते ठिपके नखाने खरवडले. एका ठिकाणी नखाबरोबर निकेलचा पापुद्रा उचलला गेला, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि ही कोण, तर एकतीस वर्षं दहावीच्या मुलांना ‘विद्युत विलेपन’, म्हणजे विजेने मुलामा चढवणं, शिकवलेली बाई! फळ्यावरची आकृती पडवीत येईपर्यंत पुसून जाते, दुसरं काय.

तीच आकृती आता परत काढते. जस्ताच्या बादलीला ओरखडा पडला तरी आतला पत्रा लगेच गंजत नाही, कारण जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. हवा-पाण्याशी लढायला ते आधी पुढे होतं, स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. निकेलचं उलटं. ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील. (प्रमाण विभव पाहिले तर जस्त उणे ०.७६ व्होल्ट, लोखंड उणे ०.४४, निकेल उणे ०.२५; उणे जितकं मोठं तितका धातू अधिक क्रियाशील.) मुलामा अखंड आहे तोवर निकेल उत्तम कातडी आहे. एक छिद्र पडलं, त्यात ओल शिरली, की निकेल जागच्या जागी राहतं आणि छिद्रातलं लोखंड मुलामा नसता त्याहूनही झपाट्याने खाल्लं जातं. वरून चकाकी शाबूत, आतून पोखरण. वाळवी लागलेला वासा आमच्याकडे घरोघर पाहिलेला असतो. रंग तसाच असतो, बोट दाबलं की आत जातं.

म्हणून चिंच नको. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, धातूला फारसं काही करत नाही. छिद्रातून खालच्या पोलादापर्यंत पोचलं तर ते पोलाद विरघळवतं. आमसुलाचंही तेच, लिंबाचंही तेच. टूथपेस्ट, रांगोळी, राख, पितळेचं पॉलिश यांत घासणारी पूड असते. मुलामा माणसाच्या केसापेक्षा कितीतरी पातळ. प्रत्येक घासण्यात त्यातला थोडा फडक्यावर येतो. फडकं काळं झालं की आपल्याला वाटतं मळ निघाला. त्या काळ्यात मुलामाही असतो.

पितळेच्या पॉलिशबद्दल आणखी एक. त्यात बहुधा अमोनिया असतो. बंदुकीची नळी साफ करायच्या काही द्रावणांत असतो, काच पुसायच्या निळ्या पाण्यात असतो, केसांच्या कलपात असतो. कल्हईवाला नवसागर टाकायचा तेव्हा नाकात जायचा तो वास ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना बाटली उघडताच कळेल. निकेलला अमोनियाचं फारसं वावडं नाही. वावडं आहे ते तांब्याला. आणि मुलामा चढवताना पुष्कळदा पोलादावर आधी तांब्याचा पातळ थर देतात, त्यावर निकेल.

माझ्या रिव्हॉल्वरखाली तांबं आहे हे मला असंच कळलं. दिवाळीनंतर मी नळीसाठी द्रावणाची बाटली आणली होती. कापसाची काडी त्यात बुडवून नळीच्या तोंडाशी फिरवत असताना ती त्या उचकटलेल्या पापुद्र्याच्या कडेला लागली आणि तशीच राहिली. फोन वाजला होता. परत आले तर कापसाचं टोक निळं. फिकट नव्हे, शाईच्या दौतीतला गर्द निळा. मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया ओतल्यावर परीक्षानळीत जो निळा उतरतो, तोच. सुपारीवर बोर्डो फवारणाऱ्या आमच्या लोकांना मोरचुदाचा रंग ठाऊक आहे. त्याच्या चौपट गडद धरा. म्हणजे द्रावण कडेखालून आत शिरून तांबं विरघळवत होतं. आणखी तासभर राहिलं असतं तर तांदळाचा वालाचा दाणा झाला असता.

त्या निळ्यामुळे मी भिंग घेऊन बसले आणि दुसरी गोष्ट उलगडली. या कंपनीच्या निकेल केलेल्या जुन्या रिव्हॉल्वरांचा घोडा आणि चाप कारखान्यात निकेल करत नसत; ते दोन भाग पृष्ठभागावर कठीण केलेले असत आणि त्यांवर निळ्या-तपकिरी ढगांसारखी छटा असे. माझ्याकडच्याचा घोडा पांढरा आणि चापही पांढरा. नळीवरच्या अक्षरांच्या कडा बुजलेल्या, चार आंघोळी झालेल्या साबणाच्या वडीवरच्या नावासारख्या. स्क्रूच्या भोकांच्या काठाला उतार आलेला. अण्णांच्या आधीच्या कुठल्या तरी मालकाने बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, नव्याने मुलामा चढवून घेतला होता. अण्णांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की ते कारखान्यातलं मूळ रूप आहे. कळलं असतं तर फार चिडले असते. घासाघीस करून जास्तीचे पैसे दिले होते त्यासाठी.

आता मिठाचं. पुण्याच्या माणसाने लिहिलेला सल्ला कोकणात तसाच्या तसा चालत नाही, तो इथे अडतो. आमच्या ओटीवर बसलं की गाज ऐकू येते. खारा वारा खिडकीच्या गजांना खातो, टीव्हीच्या अँटेनाला खातो, स्कूटरला तर विचारूच नका. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. जुलैत बरणीतलं मीठ पाझरतं ते म्हणून. इथे जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वरच असते. म्हणजे धातूवर मिठाचा डोळ्यांना न दिसणारा कण बसला असेल तर पाऊस आत येण्याची गरज नाही, तो कणच स्वतःपुरता पाऊस पाडून घेतो. हाताचा घामही खाराच. बोट लागलं, पुसलं नाही, की महिन्याने तिथे बोटाचा ठसा उमटतो.

आणि हे मीठ तेलाने जात नाही. तेलात मीठ विरघळत नाही. ते तेलाखाली छान झाकून राहतं आणि आपलं काम करतं. हे मला पुस्तकाने शिकवायला हवं होतं, शिकवलं आमच्या बागेतल्या जुन्या गड्याने. त्याच्या घरी शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. मी रिव्हॉल्वर तेलाने निथळवते हे ऐकून तो हसला. म्हणाला, “बाईनू, बंदुकेक आदी गरम पानी, मगे त्याल.” काळ्या दारूचा बार काढला की नळीत जी राख उरते तिच्यात पोटॅशचे क्षार असतात, ते ओल धरतात. म्हणून हे लोक नळीत कढत पाणी ओततात, क्षार धुऊन काढतात, पोलाद गरम असल्याने ते आपोआप सुकतं, आणि मग तेल. बोस्टनच्या आयझॅक अॅडम्सने १८६९ साली निकेल चढवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं आणि पुढे पिस्तुलांवर पांढरा मुलामा सर्रास दिसू लागला, तेव्हाही काळ्या दारूचेच दिवस होते. त्या राखेपासून बचाव हा त्या चकाकीचा मोठा उपयोग होता. आमच्याकडे मात्र ते शोभेचं म्हणून बघतात.

तर मी काय करते ते सांगते. मिरगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, वर्षातून दोनच वेळा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. सहाही घरं आधी डोळ्याने बघते, मग बोटाने चाचपते, मग पुन्हा डोळ्याने. दरवेळी, कालच पाहिलेलं असलं तरी. हातात सुती मोजे. जुन्या धोतराचा मऊ तुकडा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात बुडवून इतका पिळायचा की थेंब पडता कामा नये, आणि त्याने बाहेरचं सगळं अंग पुसायचं. मीठ जातं ते इथे. लगेच कोरड्या तुकड्याने पुसायचं आणि पंख्याखाली अर्धा तास. नळीतून आणि घरांतून शिलाई मशीनच्या तेलाची पुसट चिंधी फिरवायची. फक्त पुसट. तेल जास्त झालं की ते फिरून मुलाम्याच्या फुटक्या कडांखाली शिरतं.

खोबरेल नको, हे मुद्दाम लिहिते, कारण कोकणात प्रत्येक दुखण्यावर खोबरेल. ते थंडीत गोठतं, उन्हाळ्यात खवट होतं, खवट झालं की त्यात आम्लं तयार होतात आणि यंत्राच्या खाचांत त्याचा चिकट राब बसतो. मी अण्णांच्या हातचा तो राब तीन दिवस काढत होते.

बाहेरून तेलाऐवजी मी मेण लावते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात संग्रहालयातल्या वस्तूंसाठी एक सूक्ष्मस्फटिकी मेण तयार झालं, रेनेसाँ वॅक्स नावाने मिळतं. महाग आहे, पण चण्याएवढं पुरतं. ते नसेल तर मोटारीचं कार्नोबा मेण चालतं. फक्त त्यात घासणारी पूड नाही ना, हे डबीवर वाचून घ्या, ‘क्लीनर’ असं लिहिलेलं असेल तर खाली ठेवा. बोटाच्या टोकाने पातळ थर, पाच मिनिटं, मग मऊ फडक्याने हलक्या हाताने. मेणाला धूळ तेलाइतकी चिकटत नाही. घरांत आणि नळीत मेण घालायचं नाही.

निकेल जुनं झालं की त्यावर धूसरपणा येतो, काचेवर वाफ धरावी तसा. तो मी राहू देते. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर बारांच्या काळ्या चकत्या आहेत, त्याही राहू देते. त्या काढायच्या म्हणजे घासायचं आलं आणि पुढच्या बाराला त्या परत येणारच. सिलिंडर फिरून फिरून त्याच्या कमरेला एक रेघ उमटली आहे. अण्णांच्या अंगठ्याने झालेली रेघ ती. कशाला काढू?

ठेवायचं चामड्यात नाही. माझ्याकडे रबरी कडेचा हवाबंद डबा आहे, तो कपाटाच्या कुलूपबंद कप्प्यात. तळाशी सिलिका जेलची पुरचुंडी आणि दीडशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या खाली असला की मी झोपते. जेलचे निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात. १२० अंशांच्या आसपास तापवले की परत निळे. तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो पोटात जाणं बरं नाही, म्हणून त्याचा तवा वेगळा आहे. सुनेला आधी वाटलं सासूने भाकरीच्या तव्याचं सोवळं केलं.

मुलगा म्हणतो, “आई, एवढा खटाटोप कशाला? बुलेटचे सायलेन्सर चमकवून देतात तिथे देऊया, नवं होऊन येईल.” त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक कारागिराखेरीज कोणी करायची नाही, हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाचा मामला आहे. आणि नवा मुलामा चढवायचा तर जुना उतरवावा लागतो, बफ मारावा लागतो. माझ्याकडच्यावर तो एकदा मारून झालेला आहे. आणखी एकदा मारला तर बुजत आलेली अक्षरं जातील आणि त्यांच्याबरोबर क्रमांकही जाईल. क्रमांक पुसलेलं शस्त्र घरात असणं म्हणजे काय, ते परवान्याच्या नूतनीकरणाला गेल्यावर साहेब समजावून सांगतील. शिवाय आम्लाच्या टाकीत आणि मुलाम्याच्या टाकीत कठीण पोलादात हायड्रोजन शिरतो, त्याने स्प्रिंगसारखे भाग ठिसूळ होतात. नवं दिसेल आणि आतून मोडेल.

आता या पत्राचं खरं दुखणं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली. आठवडाभरात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली. सरसकट सगळ्यांची शस्त्रं घ्यायची नाहीत, छाननी समितीने माणूस पाहून ठरवायचं, असं आयोगाच्याच सूचनांत आहे. पण बासष्ट वर्षांच्या बाईने ठाण्यात कायदा काढून भांडावं असं मला वाटलं नाही. मी नेऊन दिलं. डब्यात, मेण लावून, ताजी पुरचुंडी घालून, डब्यावर क्रमांकाची चिठ्ठी डकवून.

डबा घेतला नाही. नोंद शस्त्राची होते, डब्याची होत नाही, असं सांगण्यात आलं. त्यांच्या दृष्टीने तेही बरोबर. शस्त्र बाहेर काढलं, क्रमांक ताडला, चापाच्या कडीला सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल बांधलं आणि कापडी पिशवीत घालून ते बंदुकांच्या ढिगाशेजारी ठेवलं. त्या ढिगात आमच्या पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांच्या ठासणीच्या आणि बारा बोअरच्या किती तरी होत्या. आंबा तयार व्हायच्या दिवसांत वानर आणि डुक्कर मोकळे, आणि बंदुका ठाण्यात. तो वेगळाच विषय आहे, त्यावर शेतकरी लिहितील.

आमच्याकडे मतदान ७ मेला झालं, निकाल ४ जूनला लागला. मला परत न्यायला बोलावणं आलं ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मधे मिरग येऊन गेला होता. त्या खोलीच्या भिंतीला छताजवळून ओल उतरली होती, ती मी दारातूनच पाहिली. हवालदारांनी पिशवी उघडली. सुतळी अजून ओलसर होती. ती जिथे जिथे टेकली होती तिथे चापाच्या कडीवर पिळासकट तांबडी रेघ उमटलेली, सुतळीचा एकेक पीळ मोजून घ्यावा अशी. आणि मुठीच्या मागच्या पट्टीवर एक अंगठा. पुरा अंगठा, रेषांसकट, गंजाने काढलेला. मार्चमध्ये क्रमांक ताडताना ज्याने ते धरलं होतं त्याचा. ते म्हणाले, “काय नाय जाला बाई, नुसतो डाग आसा.” आणि आपल्या बाहीने पुसायला निघाले. मी त्यांचा हात धरला.

मी ठाण्याचं नाव लिहीत नाही. त्या माणसाने काही वाईट हेतूने केलं नाही. शंभरावर शस्त्रं, एक कपाट, गळकं छप्पर आणि बंदोबस्ताची ड्यूटी, यात तो तरी काय करणार. घरी येऊन मी शुद्ध पाण्याने पुसलं, मग मशीनच्या तेलात भिजवलेला कापूस त्या अंगठ्यावर दोन दिवस ठेवला आणि तिसऱ्या दिवशी बांबूच्या काडीच्या टोकाने गंज उचलला. लोखंडी ब्रश नाही, पॉलिश पेपर नाही. वरचा तांबूसपणा गेला. रेषांच्या जागी सुईने टोचल्यासारखी छिद्रं राहिली. आता दर मिरगाला मी तिथे मेणाचा एक थर जास्त देते.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी मोठी नाही. शस्त्र जमा करताना क्रमांक ताडून झाला की मालकाने आणलेल्या हवाबंद डब्यात ते ठेवू द्यावं, त्यावर दोघांच्या सह्यांचं सील मारावं आणि पावतीवर ‘डब्यासह’ एवढा एक शब्द वाढवावा. लेबल चापाला बांधण्याऐवजी डब्याला बांधावं. हातात धरणाऱ्याला सुती मोज्यांचा एक जोड द्यावा. आणि निकाल लागल्यावर परत न्यायचं बोलावणं मिरगाआधी जाईल असं पाहावं. शेतकऱ्यांच्या बंदुकांना तर याची माझ्यापेक्षा जास्त गरज आहे. त्या निळ्या पोलादाच्या, त्यांना निकेलचीसुद्धा कातडी नाही.

आपल्या पुरवणीतल्या सल्ल्याबद्दल एक छोटी दुरुस्ती छापावी ही विनंती. रिव्हॉल्वर माझ्यासारख्या थोड्यांकडेच असेल. पण जुनी पेट्रोमॅक्स, आजीच्या शिलाई मशीनचं चाक, बाजाच्या पेटीच्या कड्या, जुन्या सायकलचं हँडल असं निकेल कोकणातल्या पुष्कळ घरांत आहे, आणि गणपती आले की ते सगळं चिंचेला बळी पडतं.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, ता. देवगड

ता. क. : नाव छापू नये. ठाण्याला माहीत आहे, गावाला माहीत असायची गरज नाही.